सांगणारे पुष्कळ, विचारणारा एखादाच

लहान मुलांच्या यकृताचा एक आजार भारतातल्या कित्येक घरांत पिढ्यानपिढ्या मुलं नेत होता. आता तो इतका कमी झाला आहे, की बालरोग शिकणाऱ्या तरुण डॉक्टरांना त्याचा रुग्ण सहसा पाहायलाही मिळत नाही. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ म्हणतात. घरोघरी मात्र एवढंच म्हणत, ‘मुलाला लिव्हर झालंय.’ त्याचा छडा लावण्याच्या कामात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा वाटा मोठा होता.

पुढच्या संवादात दोन माणसं आहेत. आत्या रत्नागिरीच्या झाडगावात राहणारी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तिच्या दोन मुलांना हा आजार झाला होता. डॉक्टर तिचा भाचा, रत्नागिरीतच लहान मुलांचा दवाखाना चालवणारा. आजारातून गेलेल्या घरानं आपला अनुभव दुसऱ्यांना सांगावा का, आणि ऐकणाऱ्यानं तो किती मानावा, यावर दोघांचं जमत नाही. आत्या आणि डॉक्टर कल्पित आहेत. आजार, संशोधन, संशोधक आणि सालं खरी आहेत.

डॉक्टर : आत्या, स्पष्ट बोलतो. लोक तुझ्याकडे मुलाच्या लिव्हरचं विचारायला येतात आणि तू चहा टाकून त्यांना सगळी हकिगत सांगतेस. हे मला पटत नाही.

आत्या : चहा पटत नाही की हकिगत?

डॉक्टर : हकिगत. तुझा मुलगा वाचला, शिकला, संसाराला लागला. तू सांगतेस ते माणूस जन्मभर विसरत नाही. मी समजावलेलं दवाखान्याची पायरी उतरेपर्यंत विसरलेलं असतं. आणि शेवटी तो एका मुलाचा अनुभव. त्यावरून दुसऱ्याच्या मुलाचं काही ठरवता येत नाही.

आत्या : दोन मुलांचा. थोरल्याला तू धरलं नाहीस. तुझा जन्मही झाला नव्हता म्हणा तेव्हा.

डॉक्टर : धरलं नाही, कारण तूच त्याचं कधी बोलत नाहीस.

आत्या : बोलते ऐक. वर्षाचा होईपर्यंत चांगला होता. मग किरकिरा झाला, जेवेनासा झाला, पोट पुढे आलं. हातपाय काटक्या आणि पोट नगाऱ्यासारखं. आपल्याकडच्या डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं लावून सांगितलं, यकृत वाढलंय, कडक लागतंय. मग सांगणारे सुरू झाले. कुणी म्हणालं काविळीची माळ घाला, माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते. कुणी उसाचा रस सांगितला, कुणी अंगारा. एकांनी मद्रासहून लिव्हरचं औषध मागवून दिलं. तूप, तेल बंद झालं. आणि एक गोष्ट लक्षात ठेव, यातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या घरातलं नाहीतर ओळखीतलं एखादं पोर त्या त्या उपायानं खरंच बरं झालेलं होतं.

डॉक्टर : त्या उपायानं झालं होतं की त्या उपायानंतर? पिवळं झालेलं मूल म्हटलं की बहुतेक वेळा साधी, संसर्गाची कावीळ असते. काही आठवड्यांत ती आपोआप उतरते. माळ घाला, रस द्या, नाहीतर नुसतं घरी ठेवा. शेवटी जे केलेलं असतं त्याला श्रेय मिळतं. तुझ्या थोरल्याचा आजार निराळाच होता. दोन्ही घरांनी एकच शब्द वापरला, ‘लिव्हर’, आणि पुढचं सगळं चुकलं.

आत्या : ते आज कळतं. तेव्हा डॉक्टरांनाही काय ठाऊक होतं?

डॉक्टर : फारसं नाही, हे मान्य. कोलकात्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं होतं. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं कारण शोधण्यात गेली. विषाणू, कुपोषण, आईबापांकडून आलेला दोष, सगळ्यांचा संशय घेऊन झाला. सहा महिने ते पाच वर्षांतली मुलं, त्यात मुलगे जास्त, एका घरात एकापाठोपाठ दोन भावंडंही. स्टेरॉइड देऊन पाहिली, उपयोग झाला नाही. कावीळ आणि पोटात पाणी दिसू लागलं, की बहुतेक मुलं काही महिन्यांत जायची.

आत्या : माझाही गेला. पण मला सांग, इतक्या वर्षांत यांच्यापैकी कुणी आईला विचारलं होतं का, बाई, तू याला काय भरवतेस, कशातून भरवतेस? तेव्हा माझ्या घरात सांगणारे पुष्कळ होते. विचारणारं कुणी आलं नाही.

डॉक्टर : विचारणारे आले ते धाकट्याच्या वेळी.

आत्या : हो, पुण्याला. रातराणीनं गेलो, पोर मांडीवर. तिथे एक बाई कागद घेऊन माझ्यासमोर बसल्या. अंगावर किती महिने पाजलंत? वरचं दूध कधी सुरू केलंत? गायीचं की म्हशीचं? त्यात पाणी घालत होता का? तापवत कशात होता? तापवल्यावर त्याच भांड्यात ठेवत होता का? किती वेळ? शेवटची कल्हई कधी केली होती? मला आधी रागच आला. वाटलं, पोर मरायला टेकलंय आणि ही माझ्या स्वयंपाकघराची झडती घेतेय.

डॉक्टर : त्या झडतीमागे मोठी गोष्ट होती. १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन लेख आले. या मुलांच्या यकृतात तांबं भलतंच साठलेलं आहे, असं दोन्हींत दाखवलं होतं. निरोगी यकृताच्या कोरड्या वजनाच्या एका ग्रॅमला साधारण पन्नास मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं असतं. या मुलांत ते हजारांत जायचं. मग प्रश्न आला, एवढं तांबं पोटात गेलं कुठून? स्टुअर्ट टॅनर हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि पुण्याच्या केईएमचे डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित यांनी १९८३ मध्ये म्हटलं, की लवकर सुरू केलेलं वरचं दूध आणि पितळ-तांब्याची भांडी यांत बहुधा उत्तर आहे. तांब्याच्या भांड्यातलं नुसतं पाणी इतकं तांबं उचलत नाही. दुधातलं केसिन ते धरून ठेवतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच. दूध त्यात तापवलं, तासन् तास ठेवलं, की तांबं दुधात उतरतं. तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांबं जास्त असतं आणि ते पित्तातून बाहेर टाकायची ताकद अजून आलेली नसते. आईच्या दुधात तांबं अगदी थोडं असतं. म्हणून अंगावरचं कमी आणि वरचं लवकर, असं झालं की धोका.

आत्या : आता बघ. तुमच्या यंत्रांना यकृतातलं तांबं दिसलं. पण ते तपेलीतून आलं हे कोणत्या यंत्रानं सांगितलं? माझ्यासारख्या बायकांनी सांगितलं ना? मग तो अनुभव नव्हे तर काय?

डॉक्टर : अनुभवच. पण त्यांनी तो जसा गोळा केला, तसा तू चहाबरोबर देत नाहीस. १९८७ मध्ये त्यांनी आजारी मुलांच्या आयांचे जबाब छापले, आणि सोबत तितक्याच निरोगी मुलांच्या आयांचे. प्रत्येक आजारी मुलामागे त्याच्याशी मिळतंजुळतं एक निरोगी मूल. दोघींना प्रश्न तेच. म्हणून तर पितळेच्या भांड्याचा फरक दिसला. तुम्हां आजारी मुलांच्या आयांनाच विचारलं असतं, तर सगळ्यांच्या घरी पितळ निघालं असतं, पण त्यातून काही सिद्ध झालं नसतं. त्या काळी पितळ कुणाच्या घरी नव्हतं?

आत्या : सासूबाई अगदी हेच म्हणाल्या होत्या! पुण्याहून आल्यावर मी तपेली बाजूला काढली, तर त्यांनी रान उठवलं. ‘माझी सात पोरं याच तपेलीतल्या दुधावर वाढली. एकालाही काही झालं नाही. तुमच्या पुण्याच्या डॉक्टरांना आमचीच तपेली दिसली?’ काय उत्तर देणार होते मी?

डॉक्टर : तुझ्या सासूबाईंचा प्रश्न वैद्यकातल्या मोठ्या माणसांनीही विचारला आहे. डॉ. एन. सी. नायक हे नामवंत यकृत-विकृतितज्ज्ञ. १९७९ च्या त्या दोन लेखांपैकी एकावर त्यांचंही नाव होतं. तरी २०१३ मध्ये मुंबईचे डॉ. ए. आर. चितळे आणि त्यांनी मिळून ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये लिहिलं, की भांड्यातलं तांबं हेच कारण, असं धरून चालण्याइतका पुरावा नाही. अमेरिकेत शाइनबर्ग आणि स्टर्नलीब यांनी १९९४ मध्ये मॅसॅच्युसेट्सकडे बोट दाखवलं. तिथल्या काही गावांच्या पाण्यात तांबं बरंच होतं, तरी मुलं यकृताच्या आजारानं मेली नाहीत.

आत्या : म्हणजे सासूबाई बरोबर?

डॉक्टर : अर्ध्या. उरलेलं अर्धं ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये सापडतं. तिथल्या डोंगरातल्या खेड्यांत १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही आणि लहान मुलं अशाच आजारानं गेली. तिथेही गायीचं दूध तांब्याच्या भांड्यात तापवून मुलांना पाजत. म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये त्या घराण्यांच्या वंशावळी तपासल्या. आजार विशिष्ट घराण्यांतच, आणि आईबाप दोघांकडूनही दोष आला तरच होतो असं दिसलं. म्हणजे बी रक्तात होतं आणि तांब्यानं ते उगवलं. भांडी बदलली तसा आजारही गेला, रक्त मात्र तेच राहिलं. सासूबाईंच्या सात पोरांना ते बी मिळालं नसेल. तुझ्या दोघांना दोन्हींकडून मिळालं असेल.

आत्या : दोन्हींकडून म्हणजे माझ्याकडूनही. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर : टिरोलचं उदाहरण भारताला जसंच्या तसं लागू पडतं, असं मी म्हणणार नाही. पण सात पोरांचा दाखला खरा असूनही चुकीच्या बाजूला कसा नेतो, ते यातून कळतं. माझा मुद्दा तेवढाच आहे.

आत्या : आणि माझा मुद्दा असा, की तुमच्या डॉक्टरांचं अजून एकमत नाही आणि आजार तर गेला. कुणी घालवला? बोहारणीनं! जुन्या साड्या घ्यायच्या आणि स्टीलचा डबा नाहीतर पातेलं द्यायचं. आमच्या आळीत बायकांनी पितळ मोडीत घातलं ते काही ‘लॅन्सेट’ वाचून नव्हे. घासायला सोपं, कल्हईचा खर्च नाही. कल्हईवाला दिसेनासा झाला होता. भाता, नवसागर, कथील घेऊन दारी येणारा माणूसच राहिला नाही, तर पितळ वापरायचं कसं?

डॉक्टर : बोहारणीचा वाटा मी नाकारत नाही. पण त्याच वर्षांत आणखीही बदललं. लसी आल्या, मुलं कमी झाली, अंगावर पाजण्याचा प्रचार झाला, दवाखाने जवळ आले. आजार यातल्या नेमक्या कशानं गेला, ते एका आळीकडे पाहून सांगता येत नाही. पुण्याच्या मंडळींनी म्हणूनच आणखी एक गोष्ट केली. ज्या घरात एक मूल या आजारानं आजारी होतं, त्या घराला भांडी बदलायला सांगितली आणि पुढच्या भावंडांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. ज्यांनी ऐकलं, त्या घरांतली पुढची मुलं जवळजवळ सगळी सुखरूप राहिली. १९९२ मध्ये त्यांनी ते छापलं. मला पटणारा पुरावा हा आहे. बोहारणीची गोष्ट ऐकायला छान आहे, एवढंच.

आत्या : आणि माझी? तीही ऐकायला छान, एवढंच?

डॉक्टर : तुझी ऐकताना भीती वाटते. धाकट्याला पेनिसिलामाइन मिळालं. विल्सनच्या आजारावर, म्हणजे शरीरात तांबं साठण्याच्या आनुवंशिक आजारावर, हे औषध जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये मांडलं. शरीरातलं तांबं बांधून लघवीवाटे काढतं. पुण्याच्या डॉक्टरांनी ते धाकट्याच्या आजारात वापरून पाहिलं. लवकर आलेली, कावीळ न झालेली काही मुलं वाचली. उशिरा आलेली पुष्कळ, औषध देऊनही गेली. १९९६ मध्ये डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी आजारानंतर पाच वर्षांहून जास्त जगलेल्या २९ मुलांची माहिती छापली. मुलं चांगली वाढत होती, यकृत सुधारलं होतं, आणि औषध बंद केल्यावरही आजार उलटला नाही. विल्सनमध्ये औषध जन्मभर लागतं. इथे ते थांबवता आलं. म्हणजे तांबं बाहेरून आलं होतं, या म्हणण्याला बळ मिळालं.

आत्या : मग भीती कसली?

डॉक्टर : तुझ्याकडे येणारी आई २९ तल्या एकाच्याच आईला भेटते. गेलेल्यांच्या आया तिला भेटत नाहीत. वाचलेल्याच्या घरी पेढे वाटतात, तिथे लोक औषधाचं नाव विचारतात. गेलेल्याच्या घरी कोण विचारायला जातं? गावात फिरणारे सगळे अनुभव असे यशाकडूनच येतात. त्यामुळे प्रत्येक औषध आहे त्यापेक्षा गुणकारी वाटतं, माळसुद्धा.

आत्या : हे खरं आहे. पण तू आता माझं ऐक. पेनिसिलामाइन उपाशीपोटी द्यायचं, असं तुमच्या कागदावर लिहिलं होतं. पुढे-मागे काही काळ दूध नाही, खाणं नाही. दोन वर्षांचं पोर सकाळी उठल्या उठल्या दूध मागतं. त्याला कसं थांबवायचं, ते कागदावर होतं का? ते मला वॉर्डातल्या सांगलीच्या बाईनं सांगितलं. पहाटे उठव, औषध पाण्यात कालवून चमच्यानं दे आणि परत थोपटून निजव. पोर जागं होईपर्यंत वेळ निघून जातो. त्याबरोबरची बी-सहा जीवनसत्त्वाची गोळी विसरू नये म्हणून ती देवापाशी ठेवायची, तिनंच सांगितलं. लघवीची तपासणी चुकली तर मूत्रपिंडाला धोका आहे, हे डॉक्टर बोलले होते. पण का, ते मला तिनं समजावलं, कारण तिच्या पोराला तो त्रास झाला होता. आणि त्याचं औषध काही दिवस थांबवलं तेव्हा ती कशी घाबरली होती, तेही. पहिला महिना मी तिच्या आधारावर काढला, तुमच्या कागदावर नव्हे.

डॉक्टर : हे मात्र माझ्या कुठल्या पुस्तकात नाही.

आत्या : नसणारच.

डॉक्टर : मग आपण वाटणी करू. उपचार कोणता, ते आम्ही सांगायचं. तो घरात निभावायचा कसा, ते तुम्ही. प्रवास, पथ्य, खर्च, शाळा, घरातल्या माणसांची समजूत, हे तुमच्या अनुभवाचं क्षेत्र. त्यात मी बोलणार नाही.

आत्या : वा! म्हणजे गोळी गिळवायची कशी ते बायकांनी सांगायचं आणि आजार कशानं झाला ते तुम्ही? मग तपेली कुणाच्या स्वयंपाकघरात होती? ही वाटणी आधी झाली असती, तर तो प्रश्न कुणी विचारलाच नसता. माझ्या सांगण्यात तुम्हांला काय सापडेल, ते आधी तुम्ही ठरवू शकत नाही.

डॉक्टर : बरं, वाटणी मागे घेतो. पण मग परवाचं सांगतो, म्हणजे मला राग का आला ते तुला कळेल. तुझ्या आळीतली ती सून पाच आठवड्यांचं बाळ घेऊन आली. बाळ जन्मल्यापासून पिवळं. तिला आणखी आधी यायचं होतं, पण घरचे म्हणत होते, कोवळ्या उन्हात धरा, आमचंही असंच होतं, उतरतं. त्यात तुझं ऐकलं, ‘घाबरू नको, माझ्याही मुलाला लिव्हर होतं, गोळ्यांनी बरा झाला.’ तिला धीर आला आणि ती आणखी आठवडाभर थांबली.

आत्या : देवा! मी धीरच दिला होता. काय निघालं?

डॉक्टर : बाळाची शी मी स्वतः पाहिली. पांढरट, मातीच्या रंगाची. लंगोटाला लघवीचा गडद पिवळा डाग. मी लगेच मुंबईला पाठवलं. पित्तनलिका बंद असल्याचा संशय आहे, बिलिअरी अट्रेसिया. त्यात गोळी चालत नाही, शस्त्रक्रिया लागते. जपानच्या मोरियो कासाई यांनी १९५९ मध्ये ती प्रसिद्ध केली. आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडतात, म्हणजे पित्ताला वाट मिळते. जन्मानंतर साठ दिवसांच्या आत केली तर यश जास्त. पुढे प्रत्येक आठवड्याला यकृत कडक होत जातं. तुझा अनुभव खरा होता, त्यात एक शब्दही वावगा नव्हता, पण तो दुसऱ्या आजाराचा होता. ‘लिव्हर’ या एका शब्दाखाली पन्नास आजार राहतात.

आत्या : लागलं मला हे. पण एक विचारू? शी पांढरी आहे, हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?

डॉक्टर : बाळाच्या आजीच्या. तिनं सुनेला सांगितलं होतं, ‘शीला रंगच नाही.’ पण त्याचा अर्थ तिला ठाऊक नव्हता.

आत्या : आणि ज्यांना अर्थ ठाऊक, त्यांनी कितीदा बाळाची शी पाहिली असते? बाळाचे लंगोट कोण धुतं, तुम्ही डॉक्टर?

डॉक्टर : इथे तू जिंकलीस. तैवानमध्ये त्यांनी नेमकं हेच केलं. २००२ मध्ये शीच्या रंगांचं कार्ड आयांच्या हाती देणं सुरू झालं आणि २००४ पासून देशभर. कार्डावर शीची रंगीत चित्रं, काही नेहमीच्या रंगाची, काही काळजीच्या. आईनं जुळवून पाहायचं आणि रंग फिका वाटला तर फोन करायचा. लवकर शस्त्रक्रिया होणाऱ्या बाळांचं प्रमाण त्यामुळे वाढलं. त्यांनी आयांना सल्ला द्यायला नाही सांगितलं. त्या रोज पाहतात त्याच गोष्टीबद्दल एकच प्रश्न विचारला, शीचा रंग कोणता?

आत्या : म्हणजे पुण्याच्या त्या बाईंचंच काम, फक्त कागदाऐवजी चित्र.

डॉक्टर : तेच. मला सांगायचं होतं ते तूच बोललीस. अनुभवाची किंमत मी कमी करत नाही. त्याच्याकडे कुणी नीट प्रश्न घेऊन गेलं नाही, तर तो अनुभव नुसता आवाज होऊन फिरतो. माळ, उसाचा रस, सासूबाईंची सात पोरं, सगळे खरे अनुभव होते. त्यांना कुणी विचारलं नाही, मूल नक्की कशानं आजारी होतं, किती दिवस, आणि त्याच आजाराची न वाचलेली मुलं किती होती.

आत्या : आणि माझं म्हणणं उलटं. प्रश्न विचारायला माणूस यायला हवा आणि तो तुमच्याकडून यायला हवा. तुझ्याकडे वेळ नाही म्हणून बायका माझ्याकडे येतात. चहाचा मोह त्यांना नाही. तू तीन मिनिटांत चिठ्ठी लिहून पुढच्याला बोलावतोस. ‘तुम्हांला काय वाटतं, काय दिसलं,’ असं तू कधी विचारतोस?

डॉक्टर : गर्दी असते.

आत्या : पुण्यालाही होती.

डॉक्टर : बरं. पण सगळेच अनुभव वाट चुकवणारे नसतात, हेही मी म्हणतो. भारतात पहिलं यशस्वी बाल-यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं, याच बिलिअरी अट्रेसियाच्या एका चिमुरड्यावर. त्याच्या बापानं यकृताचा भाग दिला होता. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला. आज मुलाला प्रत्यारोपण लागेल असं ऐकून कोसळलेल्या आईला मी आकडे सांगत नाही, हीच गोष्ट सांगतो. मग आकडे सांगतो.

आत्या : बघ, तूही हकिगत सांगतोस!

डॉक्टर : सांगतो, पण सोबत सगळे प्रत्यारोपण झालेले असे जगत नाहीत, औषधं जन्मभर लागतात, खर्च मोठा आहे, हेही सांगतो. तुझ्याकडून मला हेच हवं आहे. तू सांगणं बंद करू नकोस, पूर्ण सांग.

आत्या : पूर्ण म्हणजे कसं?

डॉक्टर : आधी आजाराचं पूर्ण नाव सांग, ‘लिव्हर’ नको. मग वय सांग, आजार किती पुढे गेल्यावर औषध सुरू झालं ते सांग. धाकट्याला कावीळ व्हायच्या आधी तू पुण्याला पोहोचलीस, कारण थोरल्यामुळे तुला पोटाचा आकार ओळखता आला. हे सांगितलं नाहीस, तर ऐकणारीला वाटतं गोळी सगळ्यांना वाचवते. आणि नंतर धाकट्याला तपासून औषध डॉक्टरांनीच बंद केलं, तू तुझ्या मनानं नाही, हेही सांग. आणि थोरल्याचं सांग.

आत्या : ते सांगितलं तर येणारी रडेल. धीर घ्यायला येते, रडायला नाही.

डॉक्टर : तो गेला म्हणून तर धाकटा वाचला. थोरला वगळलास की तुझी गोष्ट अर्धी राहते आणि ती अर्धीच दुसऱ्याच्या बाळाला घातक ठरते.

आत्या : (थोडं थांबून) सांगेन. मी इतकी वर्षं त्याचं नाव घेतलं नाही, ते माझ्या सोयीसाठी होतं. लोकांच्या भल्याचं मी उगाच म्हणत होते. पण मग तूही माझ्या काही गोष्टी ऐकणार?

डॉक्टर : ऐक म्हणशील ते.

आत्या : हल्ली घरोघरी तांब्याच्या बाटल्या आल्यात. माझी भाचेसूनही त्यात पाणी भरून ठेवते. मोठ्यांचं मोठे बघतील. पण तान्ह्या बाळाचं दूध कुणी तांब्या-पितळेत तापवू नये आणि ठेवू नये, हे तू प्रत्येक नव्या आईला सांगायचं. रोग गेला म्हणून भांडी परत मिरवायला आली की लोक कारणही विसरतात.

डॉक्टर : सांगीन. आणि पहिले सहा महिने वरचं दूधच नको, हे त्याच्या आधी सांगीन.

आत्या : दुसरं. आलेल्या प्रत्येक आईला एक प्रश्न तिच्या कलानं विचारायचा आणि उत्तर कागदावर उतरवायचं. रोज नाही जमलं तर आठवड्यातून एक दिवस मी येऊन बसते दवाखान्यात. मास्तरीण होते मी, प्रश्न विचारता येतात मला.

डॉक्टर : ते तर मलाच हवंय. पण सल्ला द्यायचा नाही.

आत्या : सल्ला नाही, फक्त विचारायचं आणि लिहायचं. आणि तिसरं, दवाखान्याच्या दारावर ‘नंबर लावून बसावे’ अशी पाटी आहे ना? तिच्याखाली लिही : बाळ दोन आठवड्यांचं होऊनही पिवळं असेल, किंवा त्याची शी पांढरट असेल, तर नंबर लावू नका, थेट आत या.

डॉक्टर : लिहितो. पुढच्या महिन्यात दवाखाना रंगवायचा आहे, तेव्हा मोठ्या अक्षरात.

आत्या : उद्या लिही, खडूनं लिही. तुझा रंगारी येईपर्यंत एखाद्या बाळाचे साठ दिवस संपून जातील.